दात येताना बाळाला आराम कशाने पडतो, आणि दातांच्या नावावर काय खपवू नये

प्रश्न थोडक्यात असा: बाळ आठ महिन्यांचं, वजन साधारण आठ किलो. खालची हिरडी फुगली आहे, लाळ गळते, हाताला लागेल ते चावतं, दोन रात्री नीट झोपलेलं नाही. कालपासून पाच-सहा वेळा पातळ शी झाली, अंगही जरा कोमट लागतं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, दात येताना असं होतंच. मेडिकलमधून हिरडीला लावायची जेल आणि दातांच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत. द्याव्यात का?

जेल लावू नका. गोळ्यांची गरज नाही. हिरडीला थंडावा आणि दाब मिळाला की बहुतेक बाळांचं काम भागतं, ते कसं करायचं ते खाली सविस्तर लिहिलं आहे. पण आधी जुलाबांचं बघा, कारण ते दातांमुळे झालेले नाहीत.

दात आणि जुलाब एकाच सुमाराला येतात, म्हणून त्यांची जोडी जमली आहे. सहा महिन्यांच्या आसपास तीन गोष्टी एकदम घडतात. आईच्या पोटात असताना तिच्याकडून मिळालेली प्रतिपिंडं कमी होत जातात. वरचं अन्न आणि पाणी सुरू होतं. आणि बाळ सरकू-रांगू लागतं, म्हणजे फरशीवरचं, चपलेजवळचं, खेळण्यांवरचं सगळं तोंडात जातं. हिरड्या शिवशिवत असल्यामुळे ते जरा जास्तच जातं, एवढाच काय तो दाताचा हात. जुलाब करणारे जंतू असतात, आणि त्यांचे उपचार नेहमीच्या जुलाबांचेच.

दूध अजिबात बंद करू नका. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश द्या. पुडी अख्खीच कालवायची: मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीमध्ये, पुडीवर लिहिलं असेल त्याप्रमाणे. अंदाजाने चिमूटभर पूड पेल्यात टाकली की क्षारांचं प्रमाण बिघडतं. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. त्यांतल्या जास्तीच्या साखरेने जुलाब वाढू शकतात. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. ही गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. ओआरएस आणि झिंक दोन्ही सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात.

शीतून रक्त पडलं, सहा तासांत लघवी झाली नाही, टाळू किंवा डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, बाळ मलूल पडलं किंवा पिईनासं झालं, तर दात राहू द्या बाजूला, लगेच दवाखाना गाठा.

तापाचंही तसंच. हिरडी सुजली की अंग किंचित गरम लागू शकतं, पण थर्मामीटरने १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दाखवलं तर कारण दुसरीकडे शोधायचं. हात लावून अंदाज करू नका, काखेत थर्मामीटर धरून आकडा लिहून ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप आला तर घरी वाट बघत बसायचं नाही. ‘दातांमुळे झटके आले’ असंही सर्रास ऐकू येतं. झटके तापाने येऊ शकतात, इतरही कारणांनी येतात, दाताने येत नाहीत.

दातांच्या नावावर हमखास खपणारे आणखी दोन आजार सांगून ठेवतो. पहिला म्हणजे तोंडातला नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग. चांगला चढा ताप, सगळ्याच हिरड्या लालभडक, सुजलेल्या, हात लावला की रक्त येणाऱ्या, जिभेवर आणि ओठांवर बारीक फोड, आणि बाळ पाणीसुद्धा नाकारतं. दात येताना हिरडी एखाद-दुसऱ्या जागी फुगते. सगळं तोंड पेटल्यासारखं दिसत नाही. दुसरा, पावसाळ्यात घराघरांत फिरणारा हात-पाय-तोंड हा आजार. तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ. दोन्हींत बाळ लाळ गाळतं आणि चिडतं, म्हणून घरात सगळ्यांना दातच आठवतात. कान ओढण्याचंही असंच फसवं आहे. हिरडीची कळ कानाकडे जाते, त्यामुळे बाळ दोन्हीकडचे कान चाचपतं. पण सर्दी झाल्यावर एकच कान सारखा ओढणं, आडवं केलं की जास्त रडणं आणि सोबत ताप असेल तर कान तपासून घ्या.

आता खुद्द दातांकडे.

हा त्रास किती दिवसांचा असतो, हे कळलं की निम्मी धास्ती कमी होते. अमेरिकेत १२५ बाळांच्या रोजच्या नोंदी ठेवून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात चावणं, लाळ, चिडचिड, हिरडी चोळणं, जागं राहणं, घट्ट अन्न नको होणं ही लक्षणं एका ठरावीक मुदतीत वाढलेली दिसली: दात हिरडीबाहेर डोकावायच्या आधीचे ४ दिवस, तो दिवस आणि नंतरचे ३ दिवस. एका दातामागे असे आठ दिवस. चढा ताप, जुलाब, उलट्या, खोकला यांचा दाताशी संबंध आढळला नाही. म्हणजे बाळ तीन आठवडे सलग रडत असेल आणि दात काही दिसत नसेल, तर दाताला दोष देणं थांबवून बाळाला दाखवून आणणं बरं.

तीन-चार महिन्यांच्या बाळाची लाळ आणि मूठ चोखणं बघून ‘लवकर दात येणार’ असं म्हणतात. त्या वयात लाळग्रंथी जोमाने काम करू लागतात, पण लाळ गिळायची सवय लागलेली नसते. हात तोंडात घालणं ही त्या वयाची शिकायची रीत. पहिला दात तिथून दोन-तीन महिने लांब असू शकतो. साधारण क्रम असा: खालचे मधले दोन ६ ते १० महिन्यांत, वरचे मधले दोन ८ ते १२, त्यांच्या शेजारचे ९ ते १६, पहिल्या दाढा १३ ते १९, सुळे १६ ते २३, शेवटच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत. एकूण २०. यात दोन-तीन महिने मागेपुढे होणं अगदी नेहमीचं, आणि घराण्यात उशिरा दात येत असतील तर बाळाचेही तसेच येतात.

तोंड कसं बघायचं? बाळाला मांडीवर उताणं घ्या, डोकं तुमच्या पोटाकडे, पाय समोर. दुसऱ्या कुणाला तरी हात धरायला सांगा. धुतलेल्या बोटाने खालचा ओठ हलकेच खाली ओढा आणि मोबाइलचा उजेड बाजूने पाडा, सरळ डोळ्यांवर नको. दात जवळ आला असेल तर हिरडीची कड त्या जागी रुंद आणि फुगीर दिसते, मग तिथे पांढुरकी रेघ येते, आणि बोट फिरवलं की करवतीसारखी कड लागते. पाणी पाजताना वाटी टक्‌ वाजली की दात आलाच. कधी त्या जागी निळसर-जांभळा फुगा दिसतो आणि घरात घाबरगुंडी उडते. दाताभोवतीच्या पिशवीत द्रव किंवा थोडं रक्त साचल्याने तो येतो. दात वर आला की आपोआप फुटतो. सुईने टोचायचा नाही, दाबायचा नाही. मोठा होत गेला, दुखू लागला किंवा पू दिसला तरच दंतवैद्याला दाखवा.

दाब आणि थंडावा

दात वर सरकताना त्यावरची हिरडी सुजते आणि ठणकते. बाहेरून पक्का दाब दिला की ती कळ दबते, आणि थंडाव्याने सूज उतरते व जागा जराशी बधिर होते. बाळ जे दिसेल ते चावतं ते याचसाठी. त्याला हे दोन्ही सुरक्षितपणे मिळवून देणं एवढंच आपलं काम.

सगळ्यात चांगलं साधन म्हणजे तुमचं बोट. नख कापलेलं, अंगठी काढलेली, हात साबणाने धुतलेले. सॅनिटायझर नको, तो बाळाच्या पोटात जातो. तंबाखू किंवा मशेरी लावणाऱ्या माणसाने तर दोनदा धुतल्याशिवाय बोट घालू नये. बाळाला निकोटिनची थोडी मात्राही बाधते. तर्जनीचं पेर फुगलेल्या जागेवर ठेवा आणि दोन-तीन सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हा दाबा. इथेच चूक होते: लोक हिरडी घासतात. घासल्याने ती आणखी हुळहुळी होते, दाबल्याने शांत होते. सुरुवातीला बाळ तोंड फिरवेल. अशा वेळी आधी ओठाबाहेरून हनुवटीवर आणि गालावर दाबा, मग आत जा. एक-दोन मिनिटं पुरे. पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी केलं तर जास्त उपयोग होतो.

बोटानंतर नंबर ओल्या रुमालाचा. मलमलचा किंवा जुन्या सुती धोतराचा हातभर तुकडा घ्या, रंग न जाणारा, कडा शिवलेल्या. तो पाण्यात उकळून घ्या. एक टोक उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, त्या टोकाला एक जाड गाठ मारा, आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस ते तीस मिनिटं ठेवा. कोरडं टोक बाळाच्या मुठीत, गाठ तोंडात. गाठीमुळे चावायला घट्टपणा येतो आणि कापडाचा खडबडीतपणा हिरडीला बरा वाटतो. दहा मिनिटांत तो कोमट होतो, म्हणून तीन-चार तुकडे आळीपाळीने वापरा. लाळेने भिजलेला तुकडा तसाच परत फ्रिजमध्ये टाकू नका. दिवसाअखेर सगळे उकळून उन्हात वाळवा. घरात फ्रिज नसेल किंवा वीज गेली असेल तर उकळून गार केलेलं पाणी स्वच्छ मातीच्या भांड्यात ठेवा. माठातल्या पाण्याचा गारवा बाळाच्या हिरडीला पुरेसा असतो.

बर्फ मात्र नको. फ्रीझरमधून काढलेलं काहीही नको. गोठलेली वस्तू दगडासारखी कडक होते, सुजलेल्या हिरडीला खरचटवते आणि ओठाला चिकटून कातडी सोलवटते. बर्फाचा तुकडा घशात अडकण्याची भीती वेगळीच. फ्रिजमध्ये गार केलेला स्टीलचा चमचा चालतो: त्याची पाठ हिरडीवर टेकवून धरायची, चमचा तुमच्याच हातात. दात बाहेर आल्यावर बाळ चमच्यावर जोरात चावू लागलं की हा प्रकार बंद करा.

चावायचं खेळणं घ्यायचं तर भरीव, एकसंध सिलिकॉन किंवा रबराचं घ्या. आत पाणी किंवा जेल भरलेली येतात ती टाळा. दात आलेलं बाळ ती फोडतं आणि आतलं पाणी गिळतं, ते किती जुनं आणि कसलं कुणास ठाऊक. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते बघून घ्या. कुठलाही भाग सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा चांगला मोठा हवा. आठवड्यातून एकदा ताणून, वाकवून बघा. भेग किंवा चिकटपणा दिसला की फेकून द्या. सावंतवाडीची लाकडी फळं-भाज्या दिसायला सुरेख असतात, पण ती मांडून ठेवायला आहेत. त्यांवरचा रंग बाळाच्या लाळेत उतरू देऊ नका.

आणि बाळाच्या अंगावर काय आहे ते बघा. या वयात मनगट्या, चांदीचे वाळे, गळ्यातला ताईत, काळा दोरा हे सगळं चावायचं सामान होतं. मनगट्यांचा दोरा लाळेने कुजतो, तुटतो आणि काळे मणी तोंडात जातात. वाळ्यांची घुंगरं दोन दातांनी निघू शकतात. दृष्टीसाठी घालायचंच तर दंडावर किंवा कपड्याच्या आतून, बाळाच्या तोंडापर्यंत पोचणार नाही असं, आणि गळ्यात काहीही नको. परदेशातल्या नातेवाइकांकडून हल्ली पिवळ्या अंबर मण्यांच्या माळा भेट येतात, त्यांनी दात सोपे जातात म्हणे. त्यांनी काही होत नाही. गळा आवळण्याचा आणि मणी अडकण्याचा धोका मात्र पुरता आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे.

खाणं

बाळ सहा महिन्यांचं झालं असेल तर थोडं गार अन्न कामी येतं. मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं, पपई, घरचं दही हे सगळं नेहमीपेक्षा गारसर द्या. गरम घास सुजलेल्या हिरडीला झोंबतो. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची नाही, तेव्हा ताकही अळणीच. दोन-चार दिवस बाळ चमचा बघून तोंड मिटेल, फक्त दूधच मागेल. मागू द्या. जबरदस्ती केली तर दात येऊन गेल्यावरही चमच्याची भीती राहते.

गार गाजराचा किंवा सफरचंदाचा तुकडा हातात द्या, असा सल्ला जिथे तिथे मिळतो. मला तो पटत नाही. सात ते तेरा महिन्यांचा काळ अडचणीचा असतो: पुढचे दात आलेले, म्हणजे तुकडा तोडता येतो, पण दाढा नाहीत, म्हणजे चावून बारीक करता येत नाही. कच्च्या गाजराचा तुटलेला तुकडा नेमका श्वासनलिकेत बसण्याच्या मापाचा असतो. काकडी तशीच. चघळायला खारीक देतात, ती चिकट, गोड आणि मऊ पडली की तुकडे सुटणारी. ज्येष्ठमधाच्या कांडीचे धागे आणि ढलपे निघतात. आंब्याच्या दिवसांत गर काढलेली मोठी, तोंडात मावणारच नाही अशी कोय गार करून द्यायला हरकत नाही, फक्त समोर बसून, आणि नंतर हनुवटी-गाल धुवायला विसरू नका, आंब्याचा चीक आणि आंबटपणा त्वचेला लागतो. जाळीच्या फीडरमध्ये गार केळं किंवा चिकू घालून देता येतो. त्यात लगदा अडकून आंबतो, म्हणून वापर झाला की लगेच जाळी सोडवून धुवा. टोस्ट आणि बिस्किटं नकोत: ती लाळेत भिजून गोळा होतात आणि साखर हिरडीशी चिकटून बसते.

अंगावर पिताना चावलं तर

हे फार आयांना होतं आणि त्याच सुमाराला अंगावरचं तोडलंही जातं, जे टाळता येतं. बाळ नीट ओढून पीत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवर असते, चावणं शक्यच नसतं. चावतं ते पिणं संपत आल्यावर, ओढणं मंदावून चाळा सुरू झाल्यावर. म्हणून गिळण्याचा आवाज थांबला की वाट न बघता सोडवा: करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटेल. चावलंच तर बाळाला मागे ओढू नका, जखम त्यानेच होते. उलट क्षणभर छातीशी आणखी जवळ घ्या. नाकाला अडथळा झाला की तोंड आपोआप उघडतं. मोठ्याने ओरडलं तर काही बाळं घाबरून पुढचे दोन-तीन वेळा प्यायलाच बघत नाहीत, काहींना त्याची गंमत वाटते. शांतपणे सोडवून दोन मिनिटांनी पुन्हा लावा. पाजण्याआधी मिनिटभर हिरडी दाबून दिली तर हा प्रसंग बराच टळतो.

लाळेचे चट्टे

हनुवटी, गाल आणि गळ्याच्या घड्या लाल होतात, कारण त्वचा तासनतास ओली राहते. लाळ टिपायची, पुसायची नाही; खरखरीत लाळेऱ्याने दर पाच मिनिटांनी घासलं तर चट्टे वाढतात. सुती लाळेरं ओलं झालं की बदला, झोपताना मात्र काढून ठेवा. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुवून, टिपून, पूर्ण कोरडं करून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, खाण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी. खोबरेल तेलही चालतं. पावडर नको, ती लाळेत भिजून घड्यांत गोळा होते आणि बाळाच्या श्वासातही जाते. घड्यांत चट्टा भडक लाल होऊन कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी आहे, तिला वेगळं मलम लागतं.

रात्र, आणि पॅरासिटामोल

रात्री त्रास वाढल्यासारखा वाटतो, कारण दिवसा लक्ष वेधणारं बरंच काही असतं आणि रात्री फक्त ती ठणकणारी हिरडी. थंड रुमाल, पाच मिनिटं बोटाचा दाब, खांद्यावर घेऊन फिरवणं, पाजणं, आणि पुन्हा नेहमीच्या जागी झोपवणं. एखाद-दोन रात्री यानेही भागलं नाही आणि बाळ खरोखर कळवळत असेल, तर पॅरासिटामोल द्यायला संकोच नको. दिवसा किरकिर करतंय म्हणून मात्र देऊ नये.

मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. दोन मात्रांत सहा तासांचं अंतर ठेवा, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. आणि इथे भयंकर घोटाळा होतो. ड्रॉप्सच्या बाटलीत साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि जोरदार सिरपमध्ये ५ मिलीत २५०. म्हणजे या बाळाला ड्रॉप्समधून ०.८ ते १.२ मिली, १२५ च्या सिरपमधून ३.२ ते ४.८ मिली, २५० च्या सिरपमधून १.६ ते २.४ मिली. कुणी ‘पाच मिली द्या’ म्हटलेलं लक्षात ठेवून पाच मिली ड्रॉप्स पाजले तर ५०० मिलिग्रॅम जातात, चौपटीहून जास्त, आणि यकृताला धोका पोचतो. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा, आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा सुईविना सिरिंज वापरा. सर्दीचं दुसरं औषध चालू असेल तर त्यात आधीच पॅरासिटामोल आहे का तेही बघा. दोन रात्रींनंतरही लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आयब्युप्रोफेन सहा महिन्यांखाली नको. जुलाब-उलट्यांत किंवा डेंग्यूच्या दिवसांत ताप असताना तर नकोच: जुलाब-उलट्यांत मूत्रपिंडावर ताण येतो, डेंग्यूत रक्तस्रावाची भीती. तुमच्या बाळाला आत्ता जुलाब आहेत, तेव्हा ते घरात असलं तरी कपाटातच राहू द्या. दोन वेदनाशामकं एकत्र असलेली सिरपं दातासाठी वापरायचं कारण नाही. ॲस्पिरिन तर लहान मुलांना द्यायचंच नसतं.

जेल, टाकणखार आणि इतर

तुम्ही आणलेली जेल का नको? तिच्यात बहुतेक वेळा लिग्नोकेन, बेंझोकेन किंवा कोलीन सॅलिसिलेट यांपैकी काहीतरी असतं. बाळाच्या तोंडात लाळ इतकी, की लावलेली जेल मिनिटभरात धुपून पोटात जाते. हिरडीला आराम पडत नाही म्हणून पुन्हा लावली जाते, आणि मात्रा साठत जाते. लिग्नोकेनने घसा बधिर होऊन दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. जास्त झालं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. बेंझोकेनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दात येण्यासाठी लिग्नोकेन वापरण्याविरुद्ध २०१४ मध्ये आणि दोन वर्षांखालच्या मुलांत बेंझोकेन वापरण्याविरुद्ध २०१८ मध्ये इशारे दिले. कोलीन सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्या घरातलं. ब्रिटनने अशा तोंडाच्या जेल सोळा वर्षांखालच्यांना न देण्याचं २००९ मध्येच ठरवलं.

टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला चोळणं अजून बऱ्याच घरांत चालतं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. रोज थोडा थोडा पोटात गेला तरी उलट्या आणि झटके येऊ शकतात. मध वर्षाच्या आत कुठल्याही निमित्ताने नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. लवंगेचं तेल मोठ्यांच्या किडक्या दाढेसाठी. बाळाच्या पोटात चमचाभरही गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. गुटीतलं जायफळ चार वेढे जास्त उगाळलं की बाळ ‘छान झोपतं’. ती झोप नाही, गुंगी आहे.

दातांच्या गोळ्या, म्हणजे होमिओपॅथीच्या दुकानातल्या कॅल्क फॉस किंवा एकवीस नंबर, बहुतांशी दुधाच्या साखरेच्या असतात. त्यांनी दात लवकर येतात किंवा कमी दुखतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही. दिल्याच असतील तर घाबरायचं कारण नाही, पण अख्खी गोळी तोंडात टाकू नका, आणि तिच्या भरवशावर जुलाबांकडे दुर्लक्ष करू नका. दात उशिरा म्हणजे कॅल्शियम कमी, हेही खरं नाही. दुधाच्या दातांची घडण बाळ पोटात असतानाच सुरू झालेली असते. पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यायचं असतं, ते चालू आहे ना बघा. बाटल्या ४०० आणि ८०० अशा दोन्ही प्रकारच्या मिळतात, म्हणून इथेही आधी आकडा वाचा, मग मिली ठरवा. पंधरा महिन्यांपर्यंत एकही दात नसेल तर तपासून घ्या.

दात दिसला की

त्या दिवसापासून घासायचा. मऊ, लहान डोक्याचा ब्रश, सकाळी आणि रात्री, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. फ्लोराइड १००० पीपीएम असावं. लहान मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते निम्मं असतं किंवा नसतंच, तेव्हा वेष्टन वाचा. चंद्रपूर, यवतमाळसारख्या भागांत, जिथे विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं, तिथे आधी दंतवैद्याला विचारा. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय असेल तर ती याच काळात सोडवा, कारण वरचे पुढचे दात किडतात ते त्यानेच. शेवटचं दूध, मग ब्रश, मग झोप. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दंतवैद्याला दाखवा. तेरा महिन्यांनंतर दाढा येऊ लागल्या की हिरडी जास्त रुंद फुगते आणि ठणका पुढच्या दातांपेक्षा अधिक असतो. तेव्हाही हाच रुमाल वापरायचा, फक्त गाठ जरा मोठी मारायची आणि ती मागच्या हिरडीपर्यंत पोचेल अशी तुम्ही स्वतः धरायची. बोट घालणार असाल तर गालाच्या बाजूने घाला, दातांच्या मधून नव्हे.